रेवाचं आतडं आणि हिरवा पडदा

"सिस्टर, हे काळं पडलं का हो?"

मी विचारलं तेव्हा दुपारचे बरोबर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

माझ्या रेवाच्या पोटात दुसऱ्याचं आतडं बसवून तीन महिने झाले. त्याचं एक टोक डॉक्टरांनी पोटावर बाहेर ठेवलंय, वरून पारदर्शक पिशवी. ते म्हणाले होते, नव्या आतड्याच्या रक्तवाहिन्या आतून जाड होत होत बुजू शकतात. मग रक्त पोचत नाही, टोकाचा रंग बदलतो. वेळ आली तर आतडं काढावं लागतं.

तेव्हापासून मी वहीत रंग लिहिते. सोमवार डाळिंबी. मंगळवार डाळिंबी. बुधवार डाळिंबी, जरा फिक्कट. अख्ख्या वॉर्डात अशी वही कुणाची नाही.

फिलोमिना सिस्टर तीस वर्षं याच वॉर्डात आहेत. चष्मा पुसत पुसत आल्या.

"कधीपासून काळं?"

"आत्ताच. तोंडपण हिरवट झालंय तिचं. डॉक्टरांना बोलवा ना."

"खिडकीपर्यंत पडदा कुणी ओढला?"

"मीच. चार नंबरच्या खाटेवरची आई सारखी टक लावून बघते. नजर लागायची पोरीला."

सिस्टरनी पडद्याकडे बघितलं.

हिरव्या पडद्यातून ऊन आत येत होतं.

"जीभ काढ."

"रेवाची?"

"तुझी."

मी काढली. त्यांनी माझाच मोबाईल आरशासारखा समोर धरला. जीभ काळीकुट्ट.

"रेवाची आई, तुझ्यापण रक्तवाहिन्या गेल्या. आधी कुणाचं आतडं काढायचं?"

रेवानं न सांगता जीभ काढली. "माझी बघा, माझी."

"तुझी तर शाईच."

रेवा खदखदून हसायला लागली. मला मात्र रडू फुटत होतं.

सिस्टरनी पडदा सर्रकन बाजूला केला. मग वाकून टोक नीट बघितलं, मलाही बघायला लावलं.

डाळिंबी. ओलं, चकचकीत.

मी वही उघडली. पेन हातात तसंच राहिलं.

"आज काय लिहू, सिस्टर?"

"डाळिंबीच लिही. उघड्या उजेडात काळं दिसलं, तर मी जेवत असले तरी ताटावरून उठव."

"आणि आता?"

त्यांनी समोर बोट दाखवलं. चार नंबरचा पडदा घट्ट ओढलेला होता.

"तिलापण तुझ्या नजरेची भीती वाटते. जा, सांग तिला, हिरव्या उजेडात लाल काळं दिसतं. आणि म्हणावं, पुढच्या खाटेवरपण सांग... रंग बघायचा तर आधी पडदा बाजूला सरकवा."