कोल्हिणीचे मागचे दार

एका दाट झाडीच्या टेकडीवर एक कोल्हीण राहत असे, आणि आपल्याइतके स्वच्छ घर पंचक्रोशीत नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवत असे. तसे ते खोटेही नव्हते. तिच्या बिळाला दोन तोंडे होती. पुढचे वाटेवर उघडे, आणि तिथले अंगण ती आपल्या झुपकेदार शेपटीने रोज झाडून काढी. मागचे तोंड खडकातल्या एका खोल कपारीवर उघडे. टेकडीखालच्या मोकळ्या जागेत माणसे सहलीला येत, खात, पीत आणि उरलेसुरले तिथेच टाकून जात. (त्यांना काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा, मुलांनो. मी सुरू झाले तर गोष्ट राहून जाईल.) कोल्हीण त्यांच्या खाऊच्या चकचकीत पिशव्या पिल्लांसाठी घरी आणी. पिल्लांनी चाटून झाल्या की त्या आणि हाडेसाले ती पायाने मागच्या दारातून लोटून देई. सगळे कपारीत गडप! "बघितलंत?" ती पिल्लांना म्हणे. "टाकलं की संपलं."

त्याच टेकडीवर एक घोरपड राहत असे. तिची जीभ आधी पोचे आणि मागून ती. दगडाखाली काय आहे, ढोलीत कोण आहे, मुंग्या एवढ्या घाईने कुठे निघाल्या आहेत, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एकदा तिने कोल्हिणीला कचरा लोटताना पाहिले.

"कोल्हीणबाई, हे जातं कुठे?"

"कुठे म्हणजे? कपारीत."

"आणि कपारीतून?"

"तुला दुसरे उद्योग नाहीत का गं? माझ्या घरातून गेलं, मला तेवढं पुरे!"

घोरपडीने मग वानराला गाठले. "कपार ते खाते," वानर खाजवत म्हणाला. कावळ्याला विचारले, तर तो म्हणाला, "त्या कपारीला बूडच नाही." घोरपडीला दोन्ही पटेनात. खाणारा कधीतरी ढेकर देतो. ती कपारीवर मान ठेवून बराच वेळ ऐकत बसली, पण ढेकर काही आला नाही. खूप खोलवर, पाणी हलावे तसा काहीतरी बारीक आवाज मात्र आला.

उन्हाळा लागला. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा होता आणि सगळे त्याच्यावरच जगत. तो बारीक झाला, मग नुसता ठिबकू लागला. "म्हातारा झाला बिचारा," वानर म्हणाला. दुसरे पाणी होते ते मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि त्या रस्त्यावर गाड्या कुणासाठी थांबत नसत. कोल्हिणीचे धाकटे पिल्लू तर आता उठेनासे झाले होते; कोरड्या दगडाला जीभ लावून पडून राही. "काही होवो, उद्या मी पोरांना घेऊन रस्ता ओलांडणार," कोल्हीण म्हणाली. कसा ओलांडणार, ते तिलाही ठाऊक नव्हते.

घोरपडीने झऱ्याच्या तोंडात जीभ घातली आणि चटकन बाहेर काढली. पुन्हा घातली.

"अगंबाई! झऱ्याला तिखटमीठ कुणी लावलं?"

"उन्हानं डोकं फिरलं हिचं," कावळा म्हणाला.

पण ही चव टेकडीवरची नाही, एवढे घोरपडीला कळले. अशी चव माणसांच्या पिशव्यांना असते. आणि पिशव्या जातात कपारीत! ती तशीच वर चढली, कपारीत शिरली, नखे रोवत रोवत खाली उतरली. तळाशी एक अरुंद भोक होते. त्यातूनच टेकडीच्या पोटातले पाणी झऱ्याकडे जात असे. आता तिथे पिशव्यांचा घट्ट बोळा बसला होता, आणि मागे पाणी तुंबून उभे होते.

ती धापा टाकत वर आली. कोल्हिणीच्या अंगणात सगळे जमले होतेच. "पाणी आहे!" ती ओरडली. "भरपूर आहे! पण त्याचा गळा दाबलाय, कोल्हीणबाई, तुमच्या पिशव्यांनी."

कोल्हिणीचे केस ताठ झाले. "माझ्या? चल, शोध माझं घर! एक काडी सापडली तर सांग!"

"घरात कशी सापडेल? सगळं कपारीच्या तळाशी तर आहे."

सगळ्यांच्या माना कोल्हिणीकडे वळल्या. घोरपड हळू आवाजात म्हणाली, "मी खालून सोडवून देईन. पण बाहेरची फट माझ्यापुरतीच आहे; वर ओढायला वाट एकच, तुमचं मागचं दार. तिथून घरात, आणि घरातून ह्या अंगणात."

"तो कुजका घाणेरडा पसारा माझ्या घरातून? आणि ह्या सगळ्यांच्या देखत?"

आतून धाकट्याचा आवाज आला. तो रडण्याचाही राहिला नव्हता. कोल्हिणीने झाडलेल्या अंगणाकडे पाहिले, जमलेल्यांकडे पाहिले. "उतर खाली," ती म्हणाली. "मी ओढते."

घोरपड खालून पिशव्या सोडवून देत राहिली, कोल्हीण दातांनी त्या वर खेचत राहिली. घर माखले, शेपूट माखली, अंगणात ढीग उभा राहिला. वानराला राहवेना. "काय कोल्हीणबाई, सणबिण आहे का? रांगोळी मोठी काढलीत!"

"हसून झालं असेल तर हात लाव," कोल्हीण तोंडातली पिशवी टाकून गुरगुरली. "इथे हात तुलाच आहेत!"

वानराने मुकाट्याने हात लावला. उन्हे कलताना टेकडीच्या पोटात गडगडले, आणि पायथ्याशी झऱ्याने आधी गढूळ, मग लख्ख पाणी ओकले. कोल्हिणीने धाकट्याला मानेला धरून खाली नेले. त्याचे पोट टम्म होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाशी बोलली नाही.

"आता ह्या ढिगाचं काय?" कावळ्याने विचारले. घोरपडीने आपले करून पाहिले. हाडेसाले उंबराखाली पुरली, काही पिशव्याही पुरल्या. पाऊस झाल्यावर उकरले, तर हाडे तेवढी उरली होती, सालांची माती झाली होती आणि पिशवी पिशवीच होती. तेव्हापासून साले उंबराच्या मुळाशी जाऊ लागली. मागच्या दारावर कोल्हिणीने धोंडा लोटला. पिशव्यांचा ढीग मात्र अंगणातच राहिला, वर दगड ठेवून. येताजाता तिला त्याला वळसा घालावा लागे.

पुढे माणसे पुन्हा सहलीला आली. कोल्हीण पिशव्यांपाशी गेली, हुंगले, सांडलेले चार कण तिथेच खाल्ले आणि तोंड रिकामे ठेवून परतली.

"आई, पिशवी नाही आणलीस?" पिल्लांनी विचारले.

"ठेवायची कुठे?" ती म्हणाली.

नवखे जनावर वाटेने गेले की ढीग बघून थबके. "एवढ्या झाडलेल्या अंगणात हे कुणाचं?"

"माझं," कोल्हीण मान ताठ ठेवून सांगे, आणि पुढे झाडू लागे.

तात्पर्य एवढेच : डोळ्यांआड केलेला कचरा संपत नाही, तो कुणाच्या तरी पाण्यात जाऊन बसतो, म्हणून वस्तू घरात आणतानाच विचारा, काम झाल्यावर ही जाणार कुठे?