खारूचं काम गेलं कुठे?

डोंगराच्या पायाशी एक गाव. गावात एक तेलाचा घाणा. घाण्यावर कामाला कोण? तर एक इवलीशी खार! तिचं नाव खारू.

घाणा होता सोनामावशीचा. बैल फिरायचा गोल गोल. घाणा वाजायचा कुर्र कुर्र. आणि खारू शेंगा फोडायची. कट् कट्, कट् कट्!

संध्याकाळ झाली की सोनामावशी म्हणायची, "घे गं खारू, तुझे मूठभर दाणे." दाणे घेऊन खारू जायची ढोलीत. ढोलीत दोन पिल्लं. दाणे खायची, गुडुप झोपायची.

एक दिवस काय झालं? खारू घाण्यावर आली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण कुर्र नाही की कट् नाही. सगळं गप्प गप्प.

"सोनामावशी, शेंगा द्या ना. काम करते."

"आज काम नाही गं खारू."

"काल तर होतं!"

"काल होतं. आज गेलं."

गेलं? काम गेलं? कुठे गेलं? खारूने टोपलीखाली पाहिलं. पोत्यामागे पाहिलं. बैलाच्या पोटाखाली पाहिलं. काम कुठेच नाही!

सोनामावशी म्हणाली, "अगं, काम असं सापडत नसतं. हा बघ, घाण्याचा दांडा मोडला. मी काय करू? मीसुद्धा बसलेय हातावर हात ठेवून. सुतारदादा दांडा करेल, तर घाणा फिरेल."

असं कसं? कसं असं?
खारूचं डोकं झालं वेडंपिसं!

खारू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली सुतारदादाकडे. सुतारदादा ओट्यावर बसला होता. नुसताच.

"सुतारदादा, सुतारदादा, दांडा करा ना!
दांडा झाला की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मला काम मिळेल."

"नाही गं बाई," सुतारदादा म्हणाला. "माझ्या वाकसाला धार नाही. लाकूड तासलंच जात नाही. मी काय करू? मीसुद्धा बसलोय हातावर हात ठेवून. उस्मानचाचा धार लावतील, तर दांडा होईल."

असं कसं? कसं असं?
खारूचं डोकं झालं वेडंपिसं!

खारू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली उस्मानचाचा लोहाराकडे. भट्टी थंडगार. भट्टीत मांजर झोपलेलं. खारू लांबूनच बोलली.

"उस्मानचाचा, उस्मानचाचा, धार लावा ना!
धार लागली की दांडा होईल.
दांडा झाला की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मला काम मिळेल."

"नाही गं बाई," उस्मानचाचा म्हणाले. "कोळसा संपला. भट्टी पेटतच नाही. मी काय करू? मीसुद्धा बसलोय हातावर हात ठेवून. यादूमामा टेंपोतून कोळसा आणेल, तर भट्टी पेटेल."

असं कसं? कसं असं?
खारूचं डोकं झालं वेडंपिसं!

खारू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गावाबाहेर आली. बघते तर काय! रस्त्यात हाऽऽ एवढा मोठा खड्डा! पलीकडे यादूमामाचा टेंपो. टेंपोत काळा काळा कोळसा. आणि टपावर यादूमामा, मांडी घालून बसलेला.

खारू खड्ड्यात उतरली. घसरत घसरत. पलीकडे चढली. धापा टाकत टाकत.

"यादूमामा, यादूमामा, टेंपो आणा ना!
टेंपो आला की भट्टी पेटेल.
भट्टी पेटली की धार लागेल.
धार लागली की दांडा होईल.
दांडा झाला की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मला काम मिळेल."

"नाही गं बाई," यादूमामा म्हणाला. "तू उतरलीस, तू चढलीस. माझा टेंपो कसा चढेल? मी काय करू? मीसुद्धा बसलोय हातावर हात ठेवून. सरपंचकाकू रस्ता करतील, तर टेंपो येईल."

असं कसं? कसं असं?
खारूचं डोकं झालं वेडंपिसं!

पोटात कावळे ओरडत होते. ढोलीत पिल्लं चीं चीं करत असतील. तरी खारू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली शेवंताकाकूंकडे. त्या गावाच्या सरपंच. मोठ्ठी वही उघडून बसल्या होत्या. वही मात्र कोरी.

"सरपंचकाकू, सरपंचकाकू, रस्ता करा ना!
रस्ता झाला की टेंपो येईल.
टेंपो आला की भट्टी पेटेल.
भट्टी पेटली की धार लागेल.
धार लागली की दांडा होईल.
दांडा झाला की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मला काम मिळेल."

"करायचाय गं, करायचाय!" शेवंताकाकू म्हणाल्या. "खडी आली. मुरूम आला. फावडी आली, घमेली आली. काम तर ढीगभर आहे. पण माणसंच नाहीत! या वहीत नाव लिहायला कोणी येतच नाही. माणसं आण, तर रस्ता होईल."

खारूने कान टवकारले. काम आहे? ढीगभर आहे? आणि माणसं नाहीत?

असं कसं? कसं असं?
खारूचं डोकं झालं वेडंपिसं!

खारू निघाली माणसं शोधायला. तुरुतुरु, तुरुतुरु. पोचली एसटीच्या थांब्यावर. थांब्यावर ही गर्दी! रंगूआक्का होती, तिची बहीण होती, म्हातारे होते, तरणे होते. सगळ्यांच्या डोक्यावर गाठोडी.

"रंगूआक्का, रंगूआक्का, कुठे चाललात?"

"लांब शहरात," रंगूआक्का म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "इथे माणसं ढीगभर आहेत. पण कामच नाही."

आँ? खारू गर्रकन फिरली. पुन्हा गर्रकन फिरली. स्वतःच्याच शेपटीवर आपटली.

"थांबा थांबा! काकू म्हणतात, काम आहे, माणसं नाहीत. तुम्ही म्हणता, माणसं आहेत, काम नाही. म्हणजे काम आहे, की नाही? माणसं नाहीत, की आहेत? काम नाहीत, माणसं आहे... नाही नाही! माणसं काम... मला काहीच कळत नाही!"

आणि खारू रडू लागली. हुं हुं हुं.

रंगूआक्काने गाठोडं खाली ठेवलं. भाकरीचा तुकडा काढला. खारूच्या हातात दिला. म्हणाली, "रडू नको बाळा. आधी खा. मग सावकाश सांग. काय म्हणाल्या काकू?"

खारूने तुकडा खाल्ला. डोळे पुसले. सावकाश सांगितलं. अगदी एकेक.

"हात लागले की रस्ता होईल.
रस्ता झाला की टेंपो येईल.
टेंपो आला की भट्टी पेटेल.
भट्टी पेटली की धार लागेल.
धार लागली की दांडा होईल.
दांडा झाला की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मला काम मिळेल."

"अगं बाई!" रंगूआक्का म्हणाली. "रस्त्याचं काम निघालंय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

"पण मला कुठे येतं रस्ता करायला?" तिची बहीण म्हणाली.

"मला येतं," एक आजोबा म्हणाले. "मी शिकवतो. चल!"

धप्प! एक गाठोडं खाली.
धप्प धप्प! दोन गाठोडी खाली.
धप्प धप्प धप्प! सगळी गाठोडी खाली!

एसटी आली. पों पों! थांब्यावर कोणीच नाही. एसटी रिकामीच गेली. पों पों!

सगळे गेले शेवंताकाकूंकडे. काकू बघतच राहिल्या. "अरे, तुम्ही इथेच होतात?"

"अहो काकू, काम इथेच होतं?"

आणि सगळे हसले. सगळे का हसले, ते खारूला कळलं नाही. पण तीही हसली. मग काकूंनी भराभरा नावं लिहिली. वही भरून गेली.

मग काय!

हात लागले. धम्म धम्म! एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रोज रंगूआक्काचा भाकरीचा तुकडा खारूच्या ढोलीत. आणि रस्ता झाला!

रस्ता झाला, टेंपो आला. पीं पीं पीं!
टेंपो आला, भट्टी पेटली. भुस् भुस् भुस्! मांजर पळालं.
भट्टी पेटली, धार लागली. खर्र खर्र खर्र!
धार लागली, दांडा झाला. ठक ठक ठक!
दांडा झाला, घाणा फिरला. कुर्र कुर्र कुर्र!
घाणा फिरला, आणि सोनामावशीने हाक मारली, "खारूऽऽ, ये गं! काम आलं!"

खारू धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेंगा फोडल्या. कट् कट्, कट् कट्!

संध्याकाळी घाण्यावर कोण आलं? रंगूआक्का आली तेल घ्यायला. तिची बहीण आली. आजोबा आले. ज्याच्या त्याच्या हातात बाटली, आणि रस्त्याच्या कामाचे पैसे! सोनामावशीचं तेल संपूनसुद्धा गेलं.

"घे गं खारू," सोनामावशी म्हणाली, "तुझे मूठभर दाणे. आणि ही आणखी एक मूठ. उद्या लवकर ये. पण एवढ्या शेंगा एकटीने कशा फोडशील? आणखी कोणी आहे का गं?"

"आहे ना!" खारू म्हणाली. ती सरसर चिंचेवर चढली. उंच फांदीवर उभी राहिली. आणि मोठ्ठ्याने ओरडली,

"काम आहेऽऽ! या गं याऽऽ!"

चिंचेवरून एक खार आली. लिंबावरून दोन आल्या. कौलांवरून तीन आल्या. सगळ्या बसल्या गोल करून. मधे शेंगांचा डोंगर.

"खारू, खारू, कुठली शेंग आधी फोडू?"

खारूने डोंगराकडे पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. डोकं खाजवलं.

"ते काही मला कळत नाही बाई," ती म्हणाली. "तुझ्या हाताला लागेल ती फोड!"

कट् कट्! कट् कट्! कट् कट्!

शेंग फुटली, दाणा निघाला,
गोष्ट सांगून कोण दमला?