बावीस ससे आणि अकरा पोरी

"सशांची खरूज गेली, मग पोरींची का जात नाही, बाबा?"

हैदरशा फकीर शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बस आधी."

डॉ. खासनीस बसले. शहरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी खरजेवर मलम तयार केलं होतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. इथल्या आश्रमशाळेत मात्र त्याच मलमाने त्यांचं नाक कापलं होतं.

"बावीस ससे होते. एकाच्याही कानावर खपली राहिली नाही. इथे अकरा पोरी बऱ्या झाल्या आणि महिन्याभरात पुन्हा खाजवायला लागल्या. सोमवारी शाळावाले त्यांना घरी धाडणार आहेत."

"घरी गेलेली पोर परत शाळेत येत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

बाबांनी काट्याचं टोक चिमटीत धरलं.

"बावीसच्या बावीस सशांना खरूज होती?"

"सोळांना. पण मलम सगळ्यांना लावलं. एक जरी सुटला तरी पुन्हा सगळ्यांना होते. पिंजरे उकळत्या पाण्याने धुतले, आतलं गवत जाळलं."

"आणि पोरींना?"

"अकरा जणींनाच लावलं. बाकीच्या तीस जणींना खरूज नव्हती, म्हणून त्या तशाच..."



"त्यांच्या गोधड्या?"

"त्या कुणी धुतल्याच नाहीत."

काटा निघाला. शेळी उठून चालती झाली. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सशांची जेवढी काळजी घेतली, तेवढीही पोरींची घेतली नव्हती.

"उद्या सगळ्यांना लावतो," ते म्हणाले. "गोधड्याही उकळतो. पण त्या तीस जणी येणार नाहीत, बाबा. मलमाच्या रांगेत दिसली की ती खरजुली. मग जेवताना तिच्या शेजारी कुणी बसत नाही."

बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"लाव."

"तुम्हाला कुठे खरूज आहे?"

"लाव तर खरं."

डॉक्टरांनी खिशातून नळी काढली. म्हाताऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत हळूहळू मलम चोळलं. हात स्वच्छ होते, एक पुळीसुद्धा नव्हती.

बाबांनी हात उन्हात धरले.

"उद्या रांगेत दुसरा मी," ते म्हणाले. "पहिला तू."