चारूची खिरापत

चारू तेरा वर्षांची होती आणि तिचं नाक फार शहाणं होतं. तिची आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. घर एवढंसं, पण अंगणात डाळिंबाचं झाड होतं, शेंदरी फुलांनी आणि गोबऱ्या गोबऱ्या फळांनी लगडलेलं. चारूला गलका सोसत नसे, कुणी हात धरलेला चालत नसे, आणि आईचा पदर धरल्याशिवाय ती फाटकाबाहेर जात नसे.

नवरात्रात घरोघरी भोंडला असे. मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखतात. ओळखता येत नाही, हीच तर त्यातली गंमत. गेल्या वर्षी गल्लीतल्या मृणालच्या दारात पाऊल टाकताच चारू म्हणाली, "वाटली डाळ." अजून एक गाणंसुद्धा झालं नव्हतं! दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मग तिला कुणी बोलावेना. खरं सांगितलं तर चुकलं कुठे, हे बिचारीला कळेना.

यंदाही लांबून गाणी ऐकू येत होती आणि चारू झाडाखाली एकटी रडत होती. तेवढ्यात वर काहीतरी फडफडलं. कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती, डाळिंबी झग्याची, चंदेरी पंखांची. चारूने हलक्या बोटांनी एकेक धागा सोडवला. जाळं तिने फारसं मोडू दिलं नाही, कारण तिला कोळ्याचीही दया आली.

परी खूश झाली आणि म्हणाली, एक वर माग.

"माझं नाक बंद कर," चारू म्हणाली.

"ते नाही जमायचं गं सोनुली. स्वतःतलं काही कमी करून मागायचं नाही."

मग मुलींनी मला बोलवावं, असं तिने मागितलं. तेही चालेना, कारण दुसऱ्याच्या मनाला हात लावायचा नाही, अशी दुसरी अट होती. चारूने खूप वेळ विचार केला.

"मग मीच त्यांना बोलावते. आठ घरं आहेत. मला एकटीला जाता येऊ दे."

परीने तिच्या तळहातावर एक लुकलुकता दवबिंदू ठेवला. मूठ मिटली की सगळा गलका मऊ होई. पण प्रत्येक दारी तो थोडा थोडा सुकत गेला आणि सातव्या दारी संपला. आठवं दार मृणालचं. आत कुकरच्या शिट्ट्या, बाहेर भुंकणारा कुत्रा. चारूने रिकामी मूठ तशीच घट्ट मिटली आणि कडी वाजवली.

"उद्या आमच्याकडे भोंडला आहे," ती म्हणाली. "यंदा तुम्ही ओळखायचं."

दुसऱ्या दिवशी आठही जणी आल्या. चारूने आईला स्वयंपाकघरात येऊच दिलं नव्हतं. फेर चालू असताना ती पाटाजवळ बसून टाळ्या वाजवत होती, आणि तिला कुणी ओढलं नाही. खिरापतीवर हळदीचं पान झाकलेलं. त्याचाच घमघमाट! पातोळ्या? नाही. मोदक? नाही. मुली वास घेऊन घेऊन दमल्या.

"हरलो बाई," मृणाल म्हणाली. "आता तूच सांग."

चारू या वेळी लगेच बोलली नाही. सगळ्यांकडे बघत मजेत थांबली आणि मग तिने पान उचललं. माणकांसारखे लालचुटुक डाळिंबाचे दाणे! वास म्हणून नाहीच. मुली खिदळल्या, त्याच वेळी अंगणातल्या झाडावर गुलाबी उजेड लखलखला आणि परी त्यात विरून गेली.

निघताना मृणालने तिला उद्याचं बोलावणं दिलं. ओळखलंस तर फक्त माझ्या आईच्या कानात सांग, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पदर खोचून निघाली. "चल, तुला सोडते."

"नको," चारू चप्पल घालत म्हणाली. "मला दार माहीत आहे."