थुल्लाआजीच्या शिव्या आणि उत्तियाचा चेंडू

वेणुमती नगरीत सुयश नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका चर्मकाराच्या घरी जन्माला आला होता. त्याचे घर कुंभारपुऱ्याच्या अगदी टोकाला होते. जोडे आणि पखाली तो शिवतच असे, पण त्याचे नाव झाले ते चेंडूंमुळे. आत सावरीचा कापूस, वर दुहेरी चामडे, आणि शिवण अशी की ती कुठे संपली हे बोटालाही सापडू नये. तरुणपणी तो स्वतः उत्तम खेळला होता. आता पुऱ्यातल्या पोरांना तो खेळ शिकवीत असे, आणि लहानथोर सगळे त्याला मामा म्हणत.

नगराबाहेर एक तळे होते. कार्तिकात पाणी ओसरले की त्याच्या काठाला लोण्यासारखी मऊ माती उघडी पडे. ती कुंभारांना हवी असे आणि पलीकडच्या वीटपुऱ्यातल्या वीटकरांनाही हवी असे. पूर्वी या मातीपायी दरवर्षी डोकी फुटत. शेवटी राजाच्या आजोबांनी कंटाळून आज्ञा काढली की डोकी फोडू नका, चेंडू खेळा. जो पुरा जिंकेल त्याने वर्षभर तळ्याची माती न्यावी आणि जो हरेल त्याने दोन कोसांवरच्या ओढ्याची वाट धरावी.

खेळाचे नियम साधे होते. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गडी. मैदानाच्या दोन टोकांना दोन-दोन बांबू रोवलेले असत, त्यांना वेस म्हणत. चेंडूला हात लावायचा नाही, पायाने तो समोरच्यांच्या वेशीतून पार करायचा, की एक वेस घेतली. वेळ मोजायचे घटिकापात्र पाण्यात एकदा बुडाले की दोन्ही पुऱ्यांनी बाजू बदलायच्या, म्हणजे उन्हाचा त्रास दोघांना सारखा. ते दुसऱ्यांदा बुडाले की खेळ संपला. आणि जो गडी दुसऱ्यावर हात उगारील त्याने बाहेर जायचे, त्याच्या जागी कोणी यायचे नाही.

कुंभारपुऱ्यात उत्तिय नावाचा एक तरुण होता. त्याच्या पायाला चेंडू असा चिकटे की जणू मामाने तो तिथेच शिवला असावा. पाच जणांच्या घोळक्यातून तो चेंडू घेऊन सुटे आणि धूळ बसायच्या आत वेस घेई. पण राग मात्र त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला. कोणी धक्का मारला की भडकला, कोणी हसला की भडकला, आणि कोणी काहीच केले नाही तर हे गप्प का म्हणून भडकला.

वीटकरांचा म्होरक्या सुभग हुशार होता. या पोराला पायांनी अडवता येणार नाही हे त्याने ओळखले. एका वर्षीच्या सामन्यात बाजू बदलून खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो उत्तियाच्या जवळून जाता जाता हळूच म्हणाला, “काय रे, तुझ्या आईची मडकी गळतात म्हणे?”

कुंभाराच्या पोराला याहून मोठी शिवी नाही. आणि उत्तियाला तर बाप नव्हता, त्या मडक्यांवरच आईने त्याला वाढवले होते. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने चेंडू हिसकावला आणि तो सुटला. वाटेत जो आला त्याला चुकवीत, उडवीत तो धावला. कुंभारपुऱ्याची माणसे जिवाच्या आकांताने ओरडत होती. त्याला वाटले, आपलाच जयजयकार चालला आहे. त्याने सगळा राग पायात आणून चेंडू हाणला, तो वेशीतून सूं करून पार झाला, आणि उत्तिय दोन्ही हात वर करून वळला.

तेव्हा त्याला दिसले की ती वेस आपलीच आहे.

बाजू बदलल्या होत्या हे तो रागात साफ विसरला होता. वीटकर पोट धरून हसत होते. उत्तियाने जाऊन सुभगाच्या कानशिलात भडकावली आणि पंचाने त्याला बाहेर काढले. कुंभार हरले. पुढचे वर्षभर पुऱ्यातली गाढवे दोन कोस जात आणि दोन कोस येत होती, आणि प्रत्येक खेपेला गाढवामागचा माणूस उत्तियाच्या नावाने बोटे मोडत होता.

पावसाळा संपत आला तशी पंचायत बसली. कुंभारांचा ज्येष्ठक, म्हणजे पुऱ्याचा प्रमुख, भद्रसाल म्हणाला, “उत्तियानं आता जन्मात मैदानावर पाय ठेवायचा नाही. बोला, कोणाला काही म्हणायचंय?”

उत्तिय मान खाली घालून उभा होता. चेंडू सोडला तर त्याला जगात दुसरे काही धड येत नव्हते. चाकावर बसला तर माती वाकडी जाई आणि तिच्यावरही तो रागवे. मैदान गेले की आपले काहीच उरत नाही, हे त्याला ठाऊक होते.

तेव्हा बोधिसत्त्व उठला. “यंदाचा सामना याला खेळू द्या,” तो म्हणाला. “यंदा यानं हात उगारला, तर याला घेऊन मी पुरा सोडून जाईन.”

“मामा, तुम्ही कशाला मध्ये पडता?” भद्रसाल म्हणाला. “तुमचं पोट चामड्यावर. तळ्याची माती मिळाली काय नि न मिळाली काय, तुम्हाला सारखंच.”

“मी मातीचं बोलतच नाही, ज्येष्ठक. मी पोराचं बोलतोय.”

ही बातमी वीटपुऱ्यात पोहोचली, तसा त्यांचा माणूस बोधिसत्त्वाच्या दारात आला. “मामा, आमच्याकडे या. पक्क्या विटांचं घर बांधून देतो, पडवीसकट. आमच्या पोरांना शिकवा.” बोधिसत्त्वाचे घर कुडाचे होते आणि त्या पावसात ते तीन ठिकाणी गळले होते. त्याने पाहुण्याला गूळपाणी दिले, नमस्कार केला आणि म्हणाला, “घर चांगलंच असेल. पण एका पोराला शब्द देऊन बसलोय.”

दुसऱ्या दिवशी उत्तिय आला आणि त्याने मामाचे पाय धरले. “मामा, शपथ घेतो. आजपासून मी रागावणारच नाही.”

“किती शपथा झाल्या आजवर?”

उत्तिय बोटांवर मोजू लागला, आणि दोन्ही हातांची बोटे संपली.

“रागाला येऊ नको म्हणून सांगणारा तू कोण?” बोधिसत्त्व म्हणाला. “तो काय तुला विचारून येतो? येऊ दे. फक्त आला की जागच्या जागी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, आला. गेला की म्हणायचं, गेला. मग पुढं खेळायचं. एवढंच.”

“आणि खेळताना राग येणार कसा? आपली पोरं तर मला घाबरतात.”

“त्याची सोय केलीय,” बोधिसत्त्व म्हणाला.

ती सोय म्हणजे थुल्लाआजी. पुऱ्यातली ही म्हातारी शिव्यांत अशी तरबेज होती की तिच्या दारावरून जाताना राजाचे शिपाईही आवाज न करता जात. जन्मभर तिला लोकांनी तोंड आवर म्हणून सांगितले होते, आणि आज पहिल्यांदाच कोणी हात जोडून म्हणाले होते की आजी, तोंड सोडा. ती खूश झाली. सुपात वालाच्या शेंगा घेऊन रोज संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला बसू लागली. शेंग सोलायची, एक शिवी द्यायची; पुढची शेंग, पुढची शिवी.

“अरे ए बगळ्या! पाय आहेत का बोरूच्या काड्या? तुझ्यापेक्षा माझं गाढव सरळ धावतं, आणि ते एका डोळ्यानं आंधळं आहे!”

“आला!” उत्तिय ओरडला आणि मैदानाच्या मधोमध थांबला. पोरे त्याच्याभोवती खेळत राहिली. एक कोंबडी त्याच्या पायांमधून गेली. आजी हसली, तसा जाऊ लागलेला राग परत आला. पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत तो तिथेच उभा होता आणि ‘गेला’ म्हणायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो निम्मा वेळ उभा राहिला. महिन्याभराने तो चार श्वासांत ‘गेला’ म्हणू लागला. एकदा तर आजीने त्याच्या नाकाचे असे काही वर्णन केले की ‘आला’ म्हणता म्हणता त्याला हसूच फुटले, आणि आजी रुसून सूप उचलून घरी गेली. तिची समजूत काढायला त्यालाच जावे लागले.

पण मडक्यांची गोष्ट आजी बोलेना. “ते नाही बोलणार मामा,” ती म्हणाली. “त्या माउलीच्या मडक्यांतलं पाणी पितो आपण. माझ्या जिभेलाही लाज आहे.”

तेव्हा कडेला उभी असलेली उत्तियाची आई पुढे आली. ही फारशी बोलणारी बाई नव्हती. तिने पदर खोचला आणि भर मैदानात ओरडली, “माझी मडकी गळतात रे, उत्तिया! ऐकतोस ना? गळतात!”

उत्तिय थिजला. त्याच्या मुठी वळल्या. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, “आला.” मग तो आईकडे पाहत राहिला. ती रडत होती, पण मागे सरली नाही. आई रोज संध्याकाळी आली आणि रोज तेच ओरडली.

एके दिवशी उत्तिय बोधिसत्त्वाच्या घरी जाऊन बसला. “मामा, तो शब्द अजून लागतो. राग जातो, पण येतो तेव्हा तेवढाच येतो. मी काही सुधारलो नाही.”

बोधिसत्त्व चामडे भिजवीत होता. “पावसात चेंडू भिजतो ना? जड होतो, दगडासारखा. भिजलाय हे ज्याला कळतं तो बेतानं मारतो. ज्याला कळत नाही त्याचा अंगठा मोडतो. भिजू नये असा चेंडू मला अजून शिवता आलेला नाही, बाबा.”

कार्तिकातला दिवस उजाडला. दोन्ही पुरे लोटले होते आणि राजा स्वतः मांडवात बसला होता. पहिल्या घटकेत उत्तियाने एक वेस घेतली. बाजू बदलल्या, आणि सुभग त्याच्या शेजारी येऊन लागलीच म्हणाला, “आईची मडकी यंदाही गळतात का रे?”

“आला!” उत्तिय गर्जला आणि खिळल्यासारखा उभा राहिला.

हा काय प्रकार म्हणून पंचही बघत राहिला. पण वीटकर थांबले नाहीत. कुंभारांचा सर्वांत भरवशाचा गडी पुतळा होऊन उभा आहे असे पाहून त्यांनी चेंडू पळवला आणि वेस घेतली. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. भद्रसालाने कपाळावर हात मारला. “मामा, बांधा गाठोडं!” तो म्हणाला.

“हात उगारला का त्यानं?” बोधिसत्त्वाने विचारले.

“गेला,” उत्तिय म्हणाला आणि धावू लागला.

सुभगाने पुन्हा तोच शब्द टाकला. या वेळी उत्तिय धावता धावताच “आला” म्हणाला, आणि त्याचे पाय थांबले नाहीत. तिसऱ्यांदा त्याने तेही मनातल्या मनात म्हटले. शब्द संपले तसा सुभगाचा स्वतःचा तोल गेला, आणि वेशीजवळ त्याने उत्तियाला दोन्ही हातांनी ढकलून धुळीत पाडले.

पंच धावत आला. “सुभग, बाहेर!”

उत्तिय उठला. गुडघा फुटला होता. सगळा कुंभारपुरा श्वास रोखून त्याच्या मुठींकडे पाहत होता. त्याने डोळे मिटले, दोन श्वास घेतले, आणि त्याच्या मुठी आपोआप उघडल्या. “पंच महाराज,” तो म्हणाला, “याला राहू द्या. राग आलाय त्याला. येतो माणसाला. मी दोन महिने तेच शिकलोय. आम्हाला नऊच्या नऊ गडी समोर हवेत.”

पंचाने मांडवाकडे पाहिले. राजाने मान हलवली. सुभग जागेवर परतला, पण त्याला मान वर करवेना.

घटिकापात्र काठोकाठ भरत आले होते. चेंडू उत्तियाकडे आला आणि सवयीप्रमाणे पाच वीटकर त्याच्यावर तुटून पडले. आजवर अशा वेळी त्याला समोरचा एकच तोंडाळ माणूस दिसत असे. आज त्याला सगळे मैदान दिसले. डावीकडे बुटका मेंडक एकटाच उभा होता. त्याला आजवर कोणी चेंडू दिलाच नव्हता. उत्तियाने चेंडू त्याच्याकडे सरकवला. मेंडक इतका दचकला की त्याने तो लगेच परत ढकलला, आणि तोवर उत्तिय पाचही जणांच्या पलीकडे गेला होता. त्याने बेताने, अगदी बेताने पाय लावला. चेंडू दोन बांबूंमधून पार झाला आणि घटिकापात्र टपकन बुडाले.

मग जो कल्लोळ उठला तो काय सांगावा! ढोल वाजले, गाढवेसुद्धा ओरडली. उत्तियाला आणि मेंडकाला खांद्यांवर घेऊन लोकांनी तळ्याला तीन फेऱ्या घातल्या. आईने गर्दीत शिरून लेकाच्या तोंडावरची धूळ पदराने पुसली. भद्रसाल बोधिसत्त्वाच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. थुल्लाआजी आनंदाने प्रत्येकाला नवी शिवी देत होती आणि लोक ती प्रसादासारखी घेत होते.

सुभग आला तो हात जोडूनच. “मामा,” तो म्हणाला, “आजींना रोज संध्याकाळी आमच्या पुऱ्यातही पाठवाल का?”

बोधिसत्त्व हसला, आणि जमलेल्यांना त्याने ही गाथा सांगितली:

राग आला ज्यास कळे, त्याचे पाऊल न ढळे;
राग आला ज्या न कळे, त्याचे जिंकलेही गळे.

पुढे कित्येक जन्मांनी शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा विहारातल्या एका तरुण भिक्षूला सांगितली. दारातल्या एका बाईने खरकटे पाणी अंगावर टाकले, म्हणून त्याने आदल्या सकाळी भिक्षापात्र आपटून फोडले होते, आणि आता मला चीवर उतरवून घरी जाऊ द्या म्हणून तो रडत होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा सुभग म्हणजे काल याचे फुटलेले पात्र गोळा करून सांधायला बसला तो भिक्षू. मैदान सुटायची वेळ आलेला उत्तिय म्हणजे हाच तरुण. चर्मकार मामा मी होतो. आणि थुल्लाआजी म्हणजे जिने पाणी टाकले ती बाई. तिच्या दारी उद्या सकाळी हाच भिक्षेला जाईल.”

तरुणाने डोळे पुसले. “आणि तिने पुन्हा पाणी टाकले तर?”

“तर काय म्हणायचे ते तुला माहीत आहे,” शास्ते म्हणाले. “यालाच क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी तो भिक्षू चिंब भिजून परतला. सांधलेले पात्र शाबूत होते आणि त्यात भात होता.