फळ्यावरचं नाव

एकदा एका लहानशा गावात शाळेची खिचडी शिजवणारी एक बाई सलग दहा दिवस एकच गोष्ट सांगत होती, आणि एकाही माणसाला ती खरी वाटत नव्हती. "पोरगी चुकत नाही. हलगी पळते," ती म्हणायची. ऐकणारे हसायचे आणि आपल्या वाटेने जायचे.

शाळेच्या लेझीम पथकाला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं होतं. गाडीला आणि पोशाखाला गावाची वर्गणी हवी होती. म्हणून रोज चार वाजता शाळेपुढे रस्त्यावर मुलं खेळायची, मास्तर स्वतः हलगी वाजवायचे, आणि येणारे-जाणारे पुढ्यात अंथरलेल्या उपरण्यावर यथाशक्ती दान ठेवायचे. हेतू निर्मळ होता. पण डाव रोज मध्येच विस्कटायचा. तेवीस लेझमी एकदम वाजायच्या आणि चोविसावी मागाहून. ती चोविसावी रांगेच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या सुगंधाची, कुंभारवाड्यातल्या पाचवीच्या मुलीची.

शाळेत एक रीत होती. चुकणाऱ्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, आणि चूक सुधारेपर्यंत पुसायचं नाही. सुगंधाचं नाव दहा दिवस तिथे होतं. मुलगी खिचडीचं ताट तसंच परत करू लागली, आणि तिथे बाईचं डोकं फिरलं.

"मावशी, त्या वेळी तुम्ही मागं भांडी घासता," मास्तर म्हणाले. "तुम्हाला दिसतं तरी काय?"

"दिसत नाही म्हणून तर ऐकू येतं. तुम्ही सगळे बघत बसता."

"हलगी मी वाजवतो. वीस वर्षं वाजवतोय या शाळेत."

"मग वीस वर्षं पळत असंल."

गावात कापडाचा एक व्यापारी होता. उपरण्यावर सगळ्यांत मोठी नोट त्याची असायची. तो त्याच संध्याकाळी म्हणाला, "मास्तर, ती टोकाची पोरगी काढा बघू. एवढं देतो, तर बघायला तरी नीट मिळू द्या." मास्तरांनी मान डोलावली. उद्यापासून सुगंधाला रांगेत जागा नाही, असं ठरलं.

बाईने घासलेली-न घासलेली भांडी तशीच टाकली आणि ती थेट आबांच्या ओट्यावर गेली. आबा म्हणजे त्याच शाळेचे जुने गुरुजी. मास्तर लहानपणी त्यांचेच विद्यार्थी, हलगी धरायला शिकले तेही त्यांच्याकडेच.

"आबा, तुम्ही तरी हसू नका," बाई म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

आबा हसले नाहीत. "हलगी केव्हा पळते?"

"चांगली चाललेली असती आन मध्येच उधळते. का ते मला नाही ठाऊक. मी चौथी शिकलेली. ते तुम्ही शोधा."

"उद्याचा दिवस मुलीला उभं राहू दे म्हणावं मास्तरांना. मी येतो."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला आबा आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. मुलीची परीक्षा घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. सुगंधाने तर डोळे आधीच मिटून घेतले. आबांनी पंचा मास्तरांच्या डोळ्यांवर बांधला.

"आता आंधळी कोशिंबीर का आबा?" गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला.

"वाजव," आबा मास्तरांना म्हणाले.

हलगी सुरू झाली. बाई आज भांडी सोडून पुढे आली होती, पण ऐकायचं म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं. व्यापारी पुढे आला, नोट चार लोकांना दिसेल अशी धरली आणि उपरण्यावर ठेवली. चोवीस लेझमी एकदम वाजल्या. पुन्हा एकदम. डाव शेवटपर्यंत मोडला नाही.

टाळ्या थांबल्यावर व्यापारी कुरकुरला. "एवढी नोट ठेवली, आणि आज हलगी चढली नाही की हो."

"तेच तर," आबा म्हणाले.

त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांवरचा पंचा सोडला. "बाळ, यात तुझी लबाडी नाही. नोट दिसली की तुझा हात आपोआप चढतो. मुलं एकमेकांच्या पायांकडे बघून तुझ्यामागे धावतात, आणि तेवीस जण मिळून चुकले की ते बरोबर दिसतं. ही मुलगी पहिल्या दिवशी दिलेली चाल मनात मोजते आणि ती सोडत नाही. आपण मुलांच्या खेळासाठी दान मागायला निघालो, आणि दान देणाऱ्यासाठी मुलांचा खेळ मोडून बसलो."

सगळे वर्गात गेले. मास्तरांनी फळ्यावरचं सुगंधाचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं आणि तिथे आपलं लिहायला खडू उचलला. आबांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

"तुझं नाही. या खोल्या बांधायला वर्गणी काढली, तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. नोट दिसली की हलगी चढव, देणाऱ्याला मान वाटतो, हे तुझ्या कानात मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. नाव माझं लागेल."

बाईने दुपारची झाकून ठेवलेली खिचडी सुगंधापुढे ठेवली होती. मुलगी बोटं चाटून खात होती. खडूचा आवाज थांबला तशी बाईने मान वर केली. सगळं गाव त्यांना नुसतं आबा म्हणायचं, पुरं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. चौथीपर्यंतचं जे काही शिल्लक होतं ते जुळवत तिने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं : धोंडिबा रखमाजी साळवे.