उंबऱ्यावरची राणी

एका राज्यात शाल्मली नावाची राणी होती. राज्य एवढंसं, की वाड्यातून हाक मारावी तर वेशीवर ऐकू जाई. शेजारी धाकट्या भावाचं, सोमकांताचं राज्य, आणि त्यापलीकडे नुसता खारा समुद्र.

राणीच्या राज्याच्या अलीकडे होता सात राजांचा संघ, भोवती मंत्राचा कोट. संघाच्या जमिनीला एक जुना शाप होता. कोट तो बाहेर फेकी, आणि तो नेमका या भावंडांच्या शेतांत पडे आणि हाती धरलेल्या नांगराची तलवार होई. आता तलवारीनं कुणी शेत नांगरतं का? पण भावंडांची सावड होती: एक बैल तिचा, एक त्याचा. त्या जोडीला जुंपलेला नांगर तेवढा शाबूत राही, त्यावर दोन्ही राज्यं पोट भरत.

एके दिवशी संघाची साळुंकी आली. म्हणाली, "राणीसाहेब, तीन कामं करा. कोटाचं दार तुमच्यासाठी उघडेल, तुम्हाला संघात घेतील."

राणीनं चोरांच्या डोंगराला कुलूप घातलं. राज्यातली सगळी मापं मंतरून संघाच्या मापांएवढी केली. तिसरं काम, सावड मोडून हद्द आखायची. तिनं तेही केलं, आणि इथंच चुकलं हो तिचं! जोडी फुटली, भावाच्या हाती तलवारीच उरल्या, आणि तो फौज घेऊन हद्दीवर आला.

राणी कोटाशी पोचली. कोट राखणाऱ्या भालनेत्र मांत्रिकानं दार उघडलं. "आत यावं."

साळुंकी हळूच म्हणाली, "तुम्ही आत गेलात, की तुमच्या वाट्याचा शापही भावावर पडेल."

राणी मांत्रिकाला म्हणाली, "मग त्यालाही घ्या."

मांत्रिक म्हणाला, "नियम एकेकाचा आहे. त्यांची पाळी शंभर वर्षांनी."

राणीनं उंबऱ्यावरच बैठक मारली. कामं पुरी करणाऱ्यावर दार लावता येत नसे. उघड्या दारातून शाप आत शिरला आणि सातही राज्यांत नांगरांच्या तलवारी झाल्या. राजे धापा टाकत आले.

"बाई, आत व्हा, नाहीतर बाहेर व्हा!"

"भाऊ आल्याशिवाय मी हलणार नाही."

राजांनी नाइलाजानं सोमकांताला बोलावणं धाडलं.

तो मान खाली घालून आला. "ताई, मी तुझ्यावर फौज आणली."

"आधी मी माझा बैल सोडून नेला," राणी म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

भावानं तिला हात धरून उठवलं. दोघांनी उंबरा ओलांडताच कोट समुद्रापर्यंत सरकला, शाप पाण्यात पडून विरघळला, तलवारींचे नांगर झाले. दोघांत आधी पाऊल कुणाचं पडलं, हे मात्र मांत्रिकाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.